कासव दिसलं की समुद्रात ढकलू नका! कोकण किनाऱ्यावरच्या नेहमीच्या चुका

जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास घडतं. भरदुपारी पुळणीवर मोठं कासव पडलेलं दिसतं. चार पर्यटक धावतात, पुढचे पाय धरून ओढत त्याला लाटेत सोडतात, टाळ्या वाजतात, व्हिडिओ निघतो. दहा मिनिटांत कासव परत वाळूवर. पुन्हा ढकलतात. तिसऱ्या खेपेला ते येत नाही, आणि सगळे ‘वाचवलं’ म्हणून समाधानाने जेवायला जातात. दुसऱ्या दिवशी तेच कासव थोडं पुढे मेलेलं सापडतं.

आपल्याकडची तुपळी, म्हणजे ऑलिव्ह रिडले, किनाऱ्यावर येते ती अंडी घालायला, बहुतेक रात्रीच, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये. पावसाळ्यात दिवसाढवळ्या वाळूवर आलेलं कासव आजारी किंवा जखमी असतं, हेच धरून चाला. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यात अडकून पाय कापला गेलेला असतो, नाहीतर पोटात वायू साठल्याने त्याला बुडी मारता येत नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. अशक्त कासवाला डोकं वर काढता आलं नाही, तर ते समुद्रातच बुडून मरतं.

मग करायचं काय? सावली करा. पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या उघड्या ठेवा. पाण्याच्या टबात ठेवू नका, खायला देऊ नका, पाय धरून उचलू नका. अंगात रुतलेलं जाळं खेचू नका, फक्त लोंबणारा भाग कापा. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत तिथेच थांबा. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे, पण कासव तिथवर पोचायला कुणीतरी तास-दोन तास वाळूत बसावं लागतं. तेवढा धीर नसेल, तर निदान ढकलू तरी नका.

दुसरी चूक उजेडाची. अंड्यातून निघालेलं पिल्लू जिकडे जास्त उजळ तिकडे चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ असतो तो समुद्र. मोबाईलची टॉर्च लावली की ते वळून तुमच्या चपलांकडे येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ल्याला स्वयंसेवक जपलेल्या घरट्यांतली पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा उजेड असतो. फ्लॅश कशाला हवा? पिल्लू हातात घेऊन पाण्यात सोडणं ही तर हौसेची हद्द. वाळूवरून रांगतानाच ते दिशा धरतं. दोरीच्या मागे उभं राहायचं, बस्स. आणि आज पिल्लं निघाली नाहीत म्हणून स्वयंसेवकांशी हुज्जत घालू नये. अंडी उबायला वाळूच्या उष्णतेप्रमाणे 45 ते 60 दिवस लागतात, तुमच्या परतीच्या तिकिटाशी त्यांना देणंघेणं नाही.

रात्री मादी वर येताना दिसली तर जागच्या जागी खाली बसा. खड्डा खणण्याआधी बिचकली, तर ती तशीच परत फिरते. घरटं सापडलं तर उकरू नका. काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो, त्यानंतर अंडं फिरवलं की तो मरतो.

पुळणीवर गाडी नको, चाकोरीत पिल्लू अडकून पडतं. शिवाय भरतीत गाडी रुतते, त्याबद्दल मात्र सहानुभूती नाही.

मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवरून कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, वेफर्स-चिवडा टाकू नका.

रिकामे वाटणारे शंखही पिशवीत भरू नका. आत खेकडा असतो, नसला तर उद्या येणार असतो.

ओहोटीला खडकांत जाणार असाल, तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी चढू लागताच निघा. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, कालची आज चालत नाही. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवा. खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात.