पहिला प्रोजेक्टर घेताय? आधी टेप काढा, मग मोबाईल

प्रोजेक्टर बघायला लागलं की माणूस तीन गोष्टी विचारतो: किती इंची पडदा, ४के आहे का, आणि कितीला. ज्या खोलीत तो लावायचा ती खोली आठवते सगळ्यात शेवटी, तीही खोकं फोडल्यावर. पंधरा-वीस हजारांचं मशीन महिन्याभरात माळ्यावर जातं, तेव्हा बहुतेकदा मशीन बिघडलेलं नसतं, त्याचं आणि खोलीचं गणितच जमलेलं नसतं. म्हणून चुकांची यादी खोलीपासूनच सुरू करू.

अंतर न मोजता मागवणं

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीत थ्रो रेशो नावाचा आकडा असतो. लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. १०० इंची चित्र म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून जरा जास्त उंच. रेशो १.२ असेल तर लेन्स भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर हवी, १.५ असेल तर जवळजवळ अकरा फुटांवर.

आता आपला दहा बाय बाराचा हॉल घ्या. बारा फुटांतून मशीनची लांबी आणि मागे वायरी व हवेसाठी लागणारी जागा मिळून दीड फूट वजा करा. उरले साडेदहा. १.५ च्या मशीनवर त्यात सात फूट रुंद, म्हणजे ९६ इंची चित्र बसतं. पण ऑफिसातून निघालेला १.९५ रेशोचा जुना प्रोजेक्टर स्वस्तात मिळाला म्हणून उचललात, तर त्याच जागेत ७४ इंचांवर गाडी थांबते. तो जर १०२४ बाय ७६८ चा असेल, तर रुंद चित्र दाखवताना उंचीतले ५७६ च ठिपके वापरले जातात आणि वर-खाली करड्या पट्ट्या दिसत राहतात. मेनूतल्या झूमवर विसंबू नका. स्वस्त मशीनमधला तो झूम चित्र लहान करतो, मोठं नाही.

याच मापात छताचा पंखाही धरायला हवा, आणि तो जवळजवळ सगळेच विसरतात. पंखा हॉलच्या मधोमध, म्हणजे भिंतीपासून सहा फुटांवर. मशीन त्याच्या मागे, स्लॅबला चिकटवून टांगलं की उजेड पात्यांमधून जातो आणि चित्र लुकलुकतं. उपाय दोनच: दोन-अडीच फुटांच्या पाईपवर मशीन खाली आणा, किंवा मागच्या भिंतीला पंख्याच्या पात्यांपेक्षा खाली फळी मारा. जुन्या घरात, सोप्यात लावणार असाल तर तुळईचाही अडथळा तपासा. घरच्या कुणाला तरी मशीनच्या जागी टॉर्च धरायला लावा आणि भिंतीवरच्या चारही कोपऱ्यांत उजेड पोचतो का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

कीस्टोनवर भिस्त ठेवणं

मशीन बाजूला तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करता येतं, हे खरं. पण डिजिटल कीस्टोन म्हणजे पॅनेलवरचे (मशीनच्या आत चित्र तयार करणाऱ्या काचेवरचे) ठिपके कापून, दाबून बसवलेलं चित्र. अक्षरांच्या कडा भुरकट होतात आणि काही उजेड वाया जातो. कोपरे अस्पष्ट दिसतात अशी तक्रार असेल तर आधी कीस्टोन शून्यावर आणा, मशीन भिंतीला काटकोनात ठेवा आणि मग फोकस बघा. एलईडीची स्वस्त मशीन तापली की फोकस सरकतो, म्हणून पक्का फोकस वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावर, मधोमध आणि कोपरा यांच्या मधल्या जागेवर धरून करा. एवढं करूनही एखादा कोपरा पुसटच राहिला तर दोष लेन्सचा आहे. मुदत संपायच्या आत मशीन परत करा.

नऊ हजार ल्युमेन!

ल्युमेन म्हणजे मशीनचा उजेड मोजायचं एकक, आणि सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. खोक्यावर नुसतं "९००० ल्युमेन" लिहिलेलं असलं तर तो आकडा वाचूच नका. एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किंवा आयएसओ २१११८ मानकाप्रमाणे मोजलेला आकडा शोधा. आठ-दहा हजारांच्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा दोन-तीनशेच्या घरात निघतो, आणि सापडतच नसेल तर तेवढाच धरा.

किती लागतात, याचा हिशेब चौरस फुटावर करता येतो. पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर, थिएटरसारखा उजेड हवा तर चौरस फुटाला १६ ल्युमेन धरतात. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट, म्हणजे ४८० ल्युमेन. पण कंपनीचा आकडा सगळ्यात भडक, हिरवट मोडमधला असतो. रंग बरे दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये त्यातला तिसरा हिस्सा, कधी निम्माही उजेड जातो. तेव्हा १०० इंचांसाठी कागदावर किमान ७०० ते ८०० एएनएसआय असावेत. हॉलमध्ये एक मंद दिवा चालू ठेवायची सवय असेल तर तिप्पट. उलट बाजूने पाहिलं तर खऱ्या २५० ल्युमेनचं मशीन काळोखातही जेमतेम ७२ इंचांना पुरतं. मग त्या पैशांत टीव्ही का नको, हा प्रश्न घरात कुणीतरी विचारणारच, आणि तो बरोबरच असेल.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, हेही लक्षात घ्या. चित्रातला काळा म्हणजे भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड जवळजवळ न पडलेली जागा, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर ती भिंत जितकी उजळ तितका तुमचा काळा उजळ. त्यामुळे आयपीएलचा साडेसातचा सामना झकास दिसतो आणि साडेतीनचा धुवट. ल्युमेन वाढवायला पाच हजार जास्त घालण्याआधी ब्लॅकआउट पडदे शिवून घ्या. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच रुंद ठेवा, आणि दारावरच्या झडपेची काच विसरू नका.

चादर आणि चकचकीत भिंत

चादरीतून उजेड आरपार जातो, आणि पंख्याच्या वाऱ्याने नायकाचा चेहरा लाटांवर हलतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर मधोमध पांढरा डाग चमकतो. फ्लेक्सवाल्याकडचा कोरा फ्लेक्स स्वस्त पडतो, पण चकाकीवाला नको. मॅट आणि मागून काळा असलेला मागा, आणि तो चौकटीवर ताणून बसवा. सगळ्यात कमी खर्चाचा उपाय म्हणजे भिंतीला पुट्टी, घासकाम आणि मॅट पांढरा इमल्शन. घासून झाल्यावर रात्री टॉर्च भिंतीला लागून आडवा धरा. उंचवटे सावल्यांसकट दिसतात. ते तसेच ठेवून रंग मारलात तर प्रत्येक सिनेमात दिसतील. चित्राभोवती दोन इंची काळ्या मखमली पट्टीची चौकट केली की तेच चित्र जास्त गडद वाटतं.

"४के सपोर्टेड" आणि न चालणारी अॅप्स

सपोर्टेड म्हणजे ४के सिग्नल आत घेतो, दाखवतो मात्र आपल्या पॅनेलएवढंच. शब्द शोधायचा तो "नेटिव्ह", म्हणजे पॅनेलचे स्वतःचे खरे ठिपके. पॅनेल १९२० बाय १०८० चं असलं की दहा फुटांवरून १०० इंची चित्र नीट दिसतं. १२८० बाय ७२० चं ऐंशी इंचांपर्यंत चालून जातं. ८५४ बाय ४८० वर सबटायटलच्या अक्षरांना दात दिसतात.

आतल्या अँड्रॉइडवर भरवसा ठेवून घेणाऱ्यांची पुढची तक्रार ठरलेली: नेटफ्लिक्स उघडत नाही, किंवा उघडलं तरी चित्र धूसर. मशीनला त्या सेवेची मान्यता किंवा वाइडवाइन या चोरी रोखणाऱ्या कुलुपाची सगळ्यात वरची, एल१ पातळी नसली की असं होतं, आणि अॅप पुन्हा टाकून ते सुटत नाही. एचडीएमआयला चांगली स्ट्रीमिंग स्टिक लावा. तिला वीज मात्र तिच्याच अॅडॅप्टरने द्या. प्रोजेक्टरचा यूएसबी पुरेसा करंट देत नसेल तर स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहते.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ब्लूटूथ सोडा आणि ३.५ एमएमच्या ऑक्स वायरने स्पीकर जोडा. लांब एचडीएमआय केबलवर चित्र येत-जात असेल तर आधी छोट्या केबलने तपासा. छतातून दहा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल केबल बरी, पण तिला दिशा असते. सेट-टॉप बॉक्सकडचं आणि प्रोजेक्टरकडचं टोक वेगळं असतं. उलटी घालून पीओपी केलंत तर पीओपी फोडावं लागेल.

ऊन, राख आणि वीज

बऱ्याच मशीनची चालण्याची मर्यादा ३५ ते ४० अंश. एप्रिल-मेमध्ये सांगलीत, पत्र्याखालच्या माडीवर, संध्याकाळी सातलाही खोली तेवढी तापलेली असते. मध्येच आपोआप बंद पडणारं मशीन बहुतेक वेळा तापलेलं असतं. चारही बाजूंनी फूटभर जागा मोकळी ठेवा, फळीच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

उसाची तोड सुरू झाली की पाचटाची काळी राख घरात येते, आणि उघड्या बांधणीच्या एलसीडी मशीनमध्ये ती पॅनेलवर बसते. काळ्या सीनमध्ये करडे, गोल डाग दिसले तर धूळ समजा. पिवळा किंवा निळसर ढग दिसला तर उष्णतेने पोलरायझर, म्हणजे पॅनेलजवळचा उजेड गाळणारा पापुद्रा, जळालेला असू शकतो, तो पुसून जाणार नाही. म्हणून घेतानाच "सील्ड ऑप्टिकल इंजिन", म्हणजे धूळ आत जाऊ न देणारी बंद बांधणी, आहे का ते बघा. फिल्टर असेल तर हंगामात पंधरा दिवसांनी काढून ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना आतला पंखा काडीने अडवा, नाहीतर वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. साताऱ्याच्या पावसात मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवलं की ओल धरत नाही.

दिव्याचा, म्हणजे लॅम्पचा, जुना प्रोजेक्टर घेत असाल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण दाबू नका. लाईट जाण्याचा त्रास असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस त्याला थंड होण्यापुरती वीज देतो. लॅम्पचं आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास. मेनूतले तास बघा, पण तो आकडा हाताने शून्य करता येतो, तेव्हा नवा लॅम्प केवढ्याला आणि मिळतो का, हे आधी विचारा. तळाचे स्क्रू गंजलेले असतील तर घेऊ नका. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचं पाणी ज्या पेठांत शिरलं, तिथे हे जास्तच बघावं.

बिल आणि सर्व्हिस

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलाशिवाय थोडं स्वस्त घेण्यात पूर्वीइतकाही फायदा उरलेला नाही. वॉरंटी एक वर्षाची की दोन, यापेक्षा सर्व्हिस कुठे मिळते हे महत्त्वाचं. कंपनीच्या साइटवर आपला पिन कोड, सांगलीचा ४१६४१६ किंवा साताऱ्याचा ४१५००१, घालून बघा. केंद्र पुण्यात निघालं आणि मशीन स्वतः नेऊन द्यायचं असलं, तर दोन फेऱ्यांचं भाडं किमतीत धरा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. त्याच रात्री पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि बारीक अक्षरांचा असे तीन फोटो पेन ड्राइव्हवरून लावा. काळ्यावर धूळ आणि कायम पेटलेले ठिपके, पांढऱ्यावर रंगाचे ढग आणि बंद पडलेले ठिपके, अक्षरांवर कोपऱ्यांचा फोकस कळतो. मग सलग तीन तास चालवा आणि दहा फुटांवर बसून पंख्याचा आवाज ऐका. खोकं आणि थर्माकोल परत देण्याची मुदत संपेपर्यंत रद्दीवाल्याला देऊ नका.