सीपॅप मशीन घेऊन क्रूझवर कसं जावं: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग आता परभणी, नांदेड, लातूरकडच्या घरांतूनही होतं. मुलं तिकिटं काढतात आणि आई-वडिलांची तयारी सुरू होते. त्या तयारीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चार रात्री मशीन नाही लावली तर काय होतंय? कशाला ते ओझं न्यायचं?" आमच्या थोरल्या काकांचंही हेच म्हणणं होतं. ते वर्षानुवर्षं सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं मशीन, लावून झोपतात. या मशीनशिवाय त्यांची दुपार कशी जाते हे काकूंना चांगलं ठाऊक आहे, म्हणून त्यांनी काकांचं ऐकलं नाही.

काकू बरोबरच होत्या. स्लीप ॲप्निया या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ हवा आतच जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. १९८१ साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी यावर उपाय शोधला तो असा की, मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सतत सोडायची आणि त्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. मशीन एवढंच करतं. त्यामुळे त्याचा परिणाम साठून राहत नाही. ज्या रात्री मास्क काढला त्या रात्री घसा पुन्हा मिटतो. त्यात ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर 'सुट्टी'चा विचारच करू नये.

जहाजावर मशीन आरामात चालतं. मात्र त्याची जवळजवळ सगळी कामं घरून निघण्याआधीच उरकावी लागतात.

तिकीट काढतानाच कंपनीला लेखी कळवा

बुकिंग एजंटामार्फत असेल तर त्याला सांगून भागत नाही. त्याच्याकडून क्रूझ कंपनीचा ईमेल घ्या आणि स्वतः लिहा, किंवा त्याला तुमच्यासमोर लिहायला लावा. कंपन्यांकडे वैद्यकीय गरजा नोंदवण्याचा वेगळा फॉर्म असतो. त्यात 'सीपॅप मशीन वापरतो' असं स्पष्ट लिहायचं आणि चार गोष्टी विचारायच्या. पलंगाजवळ सॉकेट आहे का आणि ते कोणत्या प्रकारचं आहे? नसेल तर जहाजाकडून एक्स्टेन्शन कॉर्ड मिळेल का? मशीनच्या भांड्यासाठी डिस्टिल्ड वॉटर (क्षार काढलेलं पाणी) केबिनमध्ये मिळेल का, आणि त्याचे पैसे पडतात का? मशीनसोबत बॅटरी आणली तर चालेल का? उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून ठेवा. फोनमध्ये मेल असतो खरा, पण टर्मिनलवर रांगेत उभं असताना नेमकी रेंज जाते.

केबिन निवडायची मुभा असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाची घ्या. जहाज तिथे सगळ्यात कमी डोलतं. चौघांच्या केबिनमध्ये रेल्वेसारखे वरचे बर्थही असतात. मशीनवाल्या माणसाने वरचा बर्थ घेऊ नये, नातवाने कितीही हट्ट केला तरी. का ते पुढे येतंच.

विजेचं गणित

जहाजावर सर्वात जास्त अडचण इथेच येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मशीनसोबतचा काळा चौकोनी अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असं लिहिलेलं असेल, आणि बहुतेक मशीनवर असतंच, तर जहाजावरच्या कुठल्याही विजेवर ते चालेल. व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर विकत घ्यायची गरज नाही. गरज असते ती फक्त पिनांची. बऱ्याच जहाजांवर दोन तऱ्हेची सॉकेट असतात: अमेरिकी पद्धतीचं चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं आणि युरोपी पद्धतीचं दोन गोल पिनांचं २२० व्होल्टचं. आपल्याकडची जाड तीन पिनांची वायर दोन्हींत बसत नाही. त्यासाठी साधा ट्रॅव्हल अडॅप्टर घ्या. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो मिळतो.

घेताना एक गोष्ट नक्की बघा. त्यात 'सर्ज प्रोटेक्टर', म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारी सोय, नको. आपल्याकडे लाइट सारखी येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून फ्रिजपासून टीव्हीपर्यंत सगळ्याला आपण असलं काहीतरी लावतो. मशीनलाही लावलेलं असतं आणि घरी ते योग्यच आहे. जहाजाची वायरिंग मात्र वेगळी असते. घरात एक वायर फेज आणि दुसरी न्यूट्रल, आणि न्यूट्रल जमिनीशी जोडलेली. जहाजावर सहसा दोन्ही वायरींत दाब असतो आणि त्यातली एकही जहाजाच्या सांगाड्याशी थेट जोडलेली नसते. अशा ठिकाणी बिघाड झाला तर सर्ज प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो, आणि समुद्रात आगीइतकं भय कशाचंच नसतं. म्हणून तपासणीत असा बोर्ड सापडला की कर्मचारी तो काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरची साधी एक्स्टेन्शनही पुष्कळ कंपन्या आत नेऊ देत नाहीत. मशीनसाठी आधी कळवलेलं असेल तर त्या स्वतःची कॉर्ड देतात. म्हणून तो ईमेल महत्त्वाचा.

केबिनमधलं सॉकेट बहुधा आरशाच्या टेबलाजवळ असतं आणि पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन-तीन मीटर वायर लागेल असं धरून चला. ती पायात येणार नाही अशी भिंतीकडून घ्या. रात्री बाथरूमला उठणाऱ्याला अंधारात वायर दिसत नाही.

पाणी

मशीनमधली हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं. ज्यांनी कधी घरी बोअरचं पाणी घातलंय त्यांनी त्या भांड्याचा तळ पाहिला असेल: कडेने पांढरी रेघ, तळाशी खरखरीत थर, बोटाने घासला तरी न निघणारा. जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, तरी नळाला येण्याआधी त्यात क्षार आणि क्लोरीन मिसळलेलं असतं. बाटलीतलं 'मिनरल वॉटर' म्हणजे तर नावातच खनिजं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं पाणी स्वस्त पडतं म्हणून काहीजण तेच वापरतात. ते गाडीच्या बॅटरीसाठी बनवलेलं असतं, श्वासातून आत घेण्यासाठी नाही. मेडिकलमधून घ्या.

दोन-तीन रात्रींचाच प्रवास असेल आणि तुमचं नाक फारसं कोरडं पडत नसेल, तर ह्युमिडिफायर बंद ठेवूनही मशीन चालवता येतं. मग पाण्याची भानगडच उरत नाही आणि वीजही कमी लागते. पण एसी केबिनची हवा कोरडी असते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एक रात्र तसं झोपून बघा. घसा सुकला, नाक चोंदलं, तर पाणी न्यायचं. मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा स्प्रे अशा वेळी कामी येतो.

घरीच एकदा सगळं मांडून बघा

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी हॉलमध्ये मशीन घेऊन बसा. मशीन, भांडं, नळी, मास्क, वायर, अडॅप्टर असा एकेक भाग समोर मांडा आणि पहिल्यापासून जोडा. घरी ते वर्षभर एकाच जागी असतं आणि सून किंवा मुलगा जोडून देतो. त्यामुळे खुद्द वापरणाऱ्याला कोणती टोपी कुठे बसते हे माहीतच नसतं. मास्कचा रबर फाटलाय का, पट्टे सैल झालेत का, हवेच्या फिल्टरवर धूळ साचलीय का, ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात फिल्टर लवकर काळा पडतो. एक जादा फिल्टर आणि मास्कची जादा गादी सोबत ठेवा, कारण समुद्रात दुकान नाही.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. आजाराचं नाव, मशीनचं मॉडेल आणि प्रेशर किती ते त्यात असावं. वाटेत मशीन बिघडलं तर जहाजावरच्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल. त्याच भेटीत औषधांचं विचारून घ्या, खास करून बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीचं. घाटात गाडी लागते म्हणून आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी गोळी गुंगी आणते, आणि गुंगीत घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळीचं आणि दारूचंही तेच.

मुंबईपर्यंत

देवगिरी आणि नंदिग्राम रात्रीच्या गाड्या आहेत, आणि त्यातल्या चार्जिंग पॉइंटवर मशीन चालेल असं धरून निघू नका. ते मोबाईल-लॅपटॉपसाठी आहेत, आणि आगीच्या घटनांनंतर रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मशीनची बॅटरी नसेल तर दिवसाची गाडी धरा: तपोवन, जनशताब्दी किंवा नांदेडहून पहाटे निघणारी वंदे भारत. आदल्या दिवशी पोहोचून मुंबईत मुक्काम करणं मला सगळ्यात बरं वाटतं. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर जवळच आहे, सकाळी घाई होत नाही आणि आदली रात्रही मशीन लावून जाते.

विमानाने जात असाल तर मशीन हातातल्या सामानात ठेवा. लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायचीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये नेता येते, १६० पर्यंतच्या बॅटरीला एअरलाइनची परवानगी लागते.

गाडी असो वा विमान, निघताना भांडं रिकामं करून कोरडं पुसा. बॅग आडवी झाली आणि उरलेलं पाणी मोटरमध्ये शिरलं तर मशीन कायमचं जाऊ शकतं. टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमालाकडे दिल्या जातात आणि केबिनमध्ये यायला त्यांना संध्याकाळ होते. मशीन त्यात देऊ नका, खांद्यावर ठेवा. एक्स-रे मशीनमधून गेल्याने काही होत नाही.

केबिनमध्ये शिरल्यावर

फिरायला बाहेर पडण्याआधी मशीन लावून, सुरू करून बघा. काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड असेपर्यंतच वीज असते. कार्ड काढल्यावर तुमचं सॉकेट बंद पडतं का ते तपासा. कॉर्ड किंवा पाणी आलेलं नसेल तर केबिन सांभाळणाऱ्याला तेव्हाच सांगा, मेलची प्रिंट दाखवा. दुपारी सांगितलं तर रात्रीपर्यंत येतं, रात्री अकराला सांगितलं तर शोधाशोध होते.

मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवायचं, छोट्या स्टुलावर किंवा सरळ जमिनीवर. जहाज डोलतं, आणि मशीन वर असेल तर भांड्यातलं पाणी नळीवाटे थेट नाकातोंडाशी येतं. वरचा बर्थ नको तो यासाठीच. त्याला मशीन ठेवायला जागाही नसते. भांडं खुणेपर्यंत भरू नका, थोडं कमीच ठेवा. खाली रबरी जाळी किंवा ओलसर नॅपकिन घातला की मशीन घसरत नाही.

एसी जोरात असेल तर नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि कानाशी गुडगुड आवाज येतो. ह्युमिडिफायर एक-दोन अंकांनी कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या.

आता सर्वात काळजीची गोष्ट. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असेल आणि मळमळत असेल, तर मास्क लावून झोपू नका. मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं. उठून बसा, मळमळ थांबेपर्यंत थांबा, जहाजाच्या डॉक्टरला बोलवा. मास्क एका झटक्यात कसा काढायचा हे सोबतच्या माणसालाही दाखवून ठेवा. वीज गेली आणि मशीन थांबलं, तरी मास्क लगेच काढायचा.

सकाळी मास्कची गादी साध्या साबणाने धुवा, भांडं रिकामं करून उघडं ठेवा, नळी कपाटातल्या हँगरला टांगा. बाल्कनीत वाळत घालू नका. खारा वारा आणि ऊन दोन्हींनी रबर खराब होतो.

सोबत झोपणाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल म्हणून संकोचणारी माणसं फार आहेत, बायकांमध्ये तर जास्तच. मास्क लावलेला कोणी पाहू नये म्हणून त्या रात्रभर जाग्या राहतात. मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो, आणि चष्मा लावायला आपण लाजत नाही. पहिल्याच संध्याकाळी नातवंडांना मशीन हातात घेऊन दाखवा, हवा त्यांच्या तळहातावर सोडा. त्यांची उत्सुकता संपते आणि तुमचा संकोचही.

शेवटच्या रात्री बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. मशीन त्यात जाऊ देऊ नका, ती रात्र अजून काढायची असते. सकाळी पाणी ओतून द्या, जहाजाची कॉर्ड परत करा आणि निघताना भिंतीतल्या सॉकेटकडे एकदा बघा. तुमचा ट्रॅव्हल अडॅप्टर तिथेच राहिलेला असतो.