सीरममधलं जस्त मोजताना मशीनआधी नळी बघा

द्राक्षपट्ट्यातून, म्हणजे पिंपळगाव-दिंडोरीकडून कुणी आलं की सुई काढण्याआधी माझा ठरलेला प्रश्न: "काका, सकाळी फवारणी करून आलात का?" छाटणीच्या दिवसांत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारलेला असतो, मोरचूद कोपरापर्यंत. मोरचुदात तांबंच असतं, आणि जस्ताबरोबर तांबंही मोजायचं असतं. साबणाने हात धुवायला लावते, मग स्पिरिट, आणि ते पूर्ण वाळल्यावरच सुई.

सॅम्पल सकाळी, उपाशीपोटी; जेवणानंतर सीरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवातलं, जस्त खाली येतं. नळी गडद निळ्या बुचाची, ट्रेस एलिमेंटवाली, म्हणजे अगदी कमी असणाऱ्या धातूंच्या तपासणीसाठीची. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरतं. एकदा निळ्या नळ्या संपल्या म्हणून मी साध्या वापरल्या. दिवसभराचे सगळे रिपोर्ट चढे! तासभर मशीनच्या लॅम्पला शिव्या घातल्या, मग कोरी नळी पाण्याने विसळून तेच पाणी लावलं, तर त्यातही जस्त. सगळ्यांना परत बोलवावं लागलं. पावडरचे हातमोजेही नकोत, त्या पावडरीत जस्त असू शकतं. ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, तर नकोच; ते जस्त धरून ठेवतं.

रक्त गोठलं की लगेच सेंट्रिफ्यूज करा. सीरम गुलाबी दिसलं, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, तर फेकून द्या, कितीही वाईट वाटलं तरी. तांबड्या पेशींत जस्त सीरमच्या कित्येक पट असतं.

प्लास्टिकची भांडी 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने विसळा. नळाचं पाणी अजिबात नाही.

आता मशीन, म्हणजे ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर: ज्योतीतल्या धातूने लॅम्पचा किती प्रकाश शोषला ते मोजतं. जस्ताचा हॉलो कॅथोड लॅम्प, 213.9 नॅनोमीटर, हवा-ॲसिटिलीनची ज्योत. 1 मिली सीरम, 4 मिली पाणी. स्टँडर्ड, म्हणजे जस्त किती ते आधीच माहीत असलेली द्रावणं, 0.1, 0.2, 0.3 मिग्रॅ प्रति लिटर, पण साध्या पाण्यात नाही, 5 टक्के ग्लिसरॉलमध्ये. सीरम दाट, पाणी पातळ. दोन्ही सारख्या वेगाने ओढले गेले नाहीत तर आकडा फसवतो. ब्लँक, म्हणजे जस्त न घातलेलं द्रावण, तोही ग्लिसरॉलचाच. आलेला आकडा पाचाने गुणा: 0.2 म्हणजे मूळ सीरममध्ये 100 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. मोठ्या माणसात साधारण 70 ते 120 अपेक्षित.

तांब्यासाठी लॅम्प बदला, 324.8 नॅनोमीटर. इथे सीरम दुप्पटच पातळ करायचं आणि ग्लिसरॉल 10 टक्के.

दर सॅम्पलनंतर पाणी ओढू द्या, नाहीतर प्रथिनं बर्नरच्या फटीत करपून बसतात. दर दहाव्या सॅम्पलला 0.2चा स्टँडर्ड पुन्हा लावा; हलला असेल तर मागचे नऊ परत.

शिशाची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर सीरम करूच नका. शिसं तांबड्या पेशींत असतं, त्याला पूर्ण रक्त लागतं, आणि ज्योत नाही, ग्राफाइट फर्नेस, म्हणजे विजेने तापणारी ग्राफाइटची नळी.