दिवाळीनंतर फुलपाखरं मोजायला निघताय? हे आधी वाचा

श्रावणात ओळखीचं झालेलं फुलपाखरू दिवाळीनंतर परक्यासारखं समोर बसतं. नवख्यांची यादी बिघडते ती इथेच. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा लांबण लावतो.

कॉमन इव्हनिंग ब्राउन घ्या. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ पुसले जातात. फुलपाखरू वाळलेल्या पानात मिसळून जातं. पीकॉक पॅन्सी या फुलपाखराचंही तेच, शिवाय पंखांची कड कोनदार होते. जात एकच, ऋतूप्रमाणे रूप दोन! सुरवंट वाढताना हवा किती गरम होती, यावर ते बरंचसं ठरतं. त्यामुळे एका जातीच्या दोन जाती करू नका. पंखांच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. एका धूसर फोटोवर मोबाइल ॲपने सुचवलेलं नाव वहीत उतरवणं मला अजिबात मान्य नाही. नाव पटत नसेल तर ‘पॅन्सी, जात नक्की नाही’ एवढंच लिहा. तेवढी नोंदही कामाची असते, घाबरू नका.

चतुरांमध्ये (म्हणजे ड्रॅगनफ्लायमध्ये) ग्राउंड स्किमर असाच चकवतो. कोवळा नर मादीसारखा पिवळसर-हिरवा असतो आणि वयात आल्यावर निळा होतो. ग्रॅनाइट घोस्ट तर जुन्या बारवेच्या दगडावर बसला की हलेपर्यंत दिसतच नाही. पण त्याच्यासाठी कठड्यावरून वाकू नका. कपाशीवर नुकती फवारणी झाली असेल तर त्या बांधावर पाऊलही टाकू नका.

पैठणच्या नाथसागराच्या काठावर पावसाळ्यात घिरट्या घालणारे वाँडरिंग ग्लायडर हे चतुर हिवाळ्यात विरळ होतात. त्यांचे थवे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं अभ्यासक मानतात. म्हणून मोजणीच्या ठरलेल्या वाटेवर ते दिसले नाहीत, तर रकाना रिकामा न सोडता शून्य लिहा.

शिकवणारा निवडताना भराभर नावं सांगणाऱ्याच्या मागे लागू नका. ‘हे मला ओळखता येत नाही’ असं म्हणणारा माणूस गौताळा अभयारण्याच्या रानात खूप काही शिकवून जातो.

आणि पहाटे धावपळ नको. गारठा ओसरता ओसरता फुलपाखरं पंख पसरून ऊन खातात, वरच्या बाजूचा फोटो तेव्हाच मिळतो. खालच्या बाजूसाठी ती पंख मिटेपर्यंत तिथेच थांबा.