युद्धावरची कादंबरी वाचायची कशी

युद्धावरची कादंबरी बहुतेक जण चुकीच्या वेगानं वाचतात. पुढे काय होतं या ओढीनं रात्री दोन वाजेपर्यंत शंभर-सव्वाशे पानं संपवतात, आणि जिथे डोळे भरून यायला हवेत तिथे काहीच वाटत नाही. लागोपाठ चार मरणं वाचली की मन बधिर होतं. म्हणून एका बैठकीला 25 ते 30 पानं पुरेत. साडेतीनशे पानांची कादंबरी अशानं बारा-चौदा दिवस सोबत राहते, आणि तेवढी सोबत तिला द्यायलाच हवी.

पहिली पन्नास पानं तर मुळीच चाळू नका. तिथे युद्ध फारसं नसतं. घरात कोण कुणाला काय हाक मारतं, दाराची कडी कशी अडकते, कोटाचं सुटत आलेलं बटण कोण शिवणार, असलं काहीबाही असतं. अडीचशे पानांनंतर तोच कोट खुंटीवर दिसतो, बटण अजून लोंबतंय, आणि घशाशी आवंढा येतो. सुरुवात चाळलेल्याला तो फक्त एक कोट असतो. पुस्तकात खुणेसाठी एक कागद ठेवा आणि त्यावर पात्रांची नावं, नाती, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू टिपत जा. रशियन कादंबरीत एकाच माणसाला पूर्ण नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि लाडाचं नाव अशी तिन्ही असतात. ती एका ओळीत लिहिली नाहीत, तर कोण गेलं हेच कळत नाही.

त्याच कागदावर खऱ्या युद्धाच्या दोन-तीन तारखा लिहा. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरचा गोळीबार 11 नोव्हेंबर 1918 ला सकाळी 11 वाजता थांबला. करारावर सह्या पहाटेच झाल्या होत्या, तरी मधल्या काही तासांत माणसं मरत राहिली. प्रकरणाच्या माथ्यावर ‘ऑक्टोबर 1918’ दिसलं की तुम्हाला शेवट जवळ आल्याचं माहीत असतं, खंदकातल्या पोराला नसतं. साध्या संवादालाही धाकधूक येते ती इथून.

आकड्यांचं मात्र वेगळं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेनं रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढा 872 दिवस चालला, हे वाचून आपण पुढे जातो. पण 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या लहान मुलांचा दिवसाचा पावाचा शिधा 125 ग्रॅम होता, तोही भेसळीच्या पिठाचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा 125 ग्रॅम पाव ठेवून बघा. मग कादंबरीतली आई त्यातला अर्धा मागे ठेवते, ते वाक्य नुसतं डोळ्यांखालून जाणार नाही.

प्रस्तावना शेवटी वाचा, कारण पुष्कळ प्रस्तावना कोण मरतं ते आधीच सांगून टाकतात.

रडू आलं की पुस्तक तिथेच मिटा. लगेच पुढचं पान उलटलं तर ती कळ अर्धवट राहते, मोबाइल हातात घेतला तर विरूनच जाते. पाच-दहा मिनिटं नुसतं बसा. झोपायच्या तासभर आधी वाचन थांबवा, नाहीतर ती दृश्यं अंथरुणात येतात. स्वतः युद्ध किंवा हिंसा सोसलेल्यांनी दिवसा, कुणीतरी घरात असताना वाचावं. छाती धडधडून जुनं सगळं समोर उभं राहत असेल तर पुस्तक सोडून द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. दोन-तीन आठवडे झोप उडालेलीच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

शेवटची चाळीस-पन्नास पानं मात्र तोडू नका. दोन मोकळे तास काढून एका बैठकीत वाचा. त्यानंतर तीन-चार दिवस दुसरी कादंबरी नको. पाचव्या दिवशी याच पुस्तकाची पहिली दहा पानं परत उघडा, बटण अजून सुटलेलं नाही तिथली.