परत गोल्फ सुरू करताय? बॉल कुठला घ्यायचा ते बघा

मधे बरीच वर्षं गेली असतील तर लगेच प्रो लोकांचा महागडा बॉल घेऊ नका, सुरुवातीला झाडीत आणि पाण्यात बॉल जाणारच आहेत. साधा टू-पीस घ्या, आत रबराचा मोठा कोअर आणि वर आयनोमर नावाच्या प्लास्टिकचं कडक कव्हर, ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या क्लबने) मारल्यावर स्पिन कमी असतो म्हणून स्लाइस झाला, म्हणजे बॉल हवेत बाजूला वळत गेला, तरी जरा कमी वळतो. स्लाइस बरा होत नाही हां, तो स्विंगचा प्रश्न!

आणि २००० साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही१ बॉल आल्यावर आत दोरा गुंडाळलेले बॉल मागे पडले, त्यामुळे जुन्या बॅगेत तसले काही सापडले तर राहू देत तिथेच. आता वरच्या रेंजमधे युरेथेन कव्हर असतं, ते मऊ असल्यामुळे वेजच्या (जवळून उंच मारायच्या क्लबच्या) खाचांमधे नीट पकडलं जातं आणि बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) एक-दोन टप्पे घेऊन थांबतो. तुमच्या चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) नीट बसायला लागल्या की मग याच्याकडे वळा.

कम्प्रेशनचा (बॉल किती कडक आहे त्याचा) आकडा कमी म्हणजे बॉल मऊ, पण माझ्या मते त्यात फार डोकं घालू नका, हाताला कसा लागतो ते बघा.

दोन-तीन प्रकारचे बॉल घेऊन आधी पट करा (ग्रीनवर बॉल घरंगळवत होलकडे मारा) मग चिप मग ४० यार्डांवरून पिच (चिपपेक्षा उंच जाणारा फटका), ड्रायव्हर अगदी शेवटी. एक ठरला की तोच ठेवा, रोज बदललात तर चूक बॉलची की आपली तेच कळत नाही.

वापरलेले घेणार असाल तर रिफर्बिश्ड म्हणजे बहुतेक वेळा परत रंगवलेले, ते टाळा, नुसते धुतलेले चालतील.