शैक्षणिक संकेतस्थळ वापरायला सोपे आहे का, हे कसे तपासावे
मुखपृष्ठाच्या देखणेपणावर न जाता, ज्यांनी ते संकेतस्थळ पूर्वी पाहिलेले नाही अशा चार-पाच विद्यार्थ्यांना ‘अपूर्णांकांचा दुसरा पाठ उघडून त्याखालची चाचणी सोडवा’ असे नेमके काम द्यावे आणि, मदतीचा मोह आवरून (तो होतोच), ते कुठे अडखळतात, कोणते बटण चुकून दाबतात, याची नोंद करावी. उत्तर चुकल्यावर नुसती लाल फुली दिसते की चूक कशी झाली हेही कळते, याकडे माझ्या मते सर्वाधिक लक्ष द्यावे. डब्ल्यूसीएजीच्या (संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या) एए या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ असावा आणि अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत (म्हणजे दुप्पट) मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये. मग माऊस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डवरून तोच पाठ उघडून पाहावा.